अक्षरं कळायची, वाक्य कळायचं नाही

स्ट्रोकनंतर अकराव्या दिवशी मुलीने माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं. अक्षरं सगळी ओळखीची होती. पहिली ओळ मी अडखळत का होईना, मोठ्याने वाचलीही. "काय लिहिलंय गं आई?" तिने विचारलं. मला सांगता येईना. शब्द सुचत नव्हते हे खरंच, पण मुळात त्या ओळीतलं मला काहीच कळलं नव्हतं.

आधी डोळे तपासले. ते बरंच झालं, कारण अशा झटक्यानंतर कधी कधी उजव्या बाजूचं दिसेनासं होतं आणि ओळीचा शेवट निसटतो. माझी नजर ठीक निघाली. अडचण भाषेची होती. अ‍ॅफेसिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे बोलणं, वाचणं, समजणं अडतं ते.

उपचारांसाठी गेले त्या पहिल्या ठिकाणी माझ्यापुढे बालवाडीचं चित्रांचं पुस्तक ठेवलं. मी तीस वर्षं ग्रंथालयात काम केलेली बाई. घरी येऊन खूप रडले. भाषा अडली होती, अक्कल शाबूत होती. हे उपचार करणाऱ्यांनी तरी विसरू नये.

दुसऱ्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी आधी नेमकं कुठे अडतं ते शोधलं. सुटे शब्द मी चित्रांशी बरोबर जुळवले. मग दोन वाक्यं आली: 'मुलाने मुलीला ढकललं' आणि 'मुलाला मुलीने ढकललं'. दोन्ही वेळा मी एकाच चित्रावर बोट ठेवलं. 'ने' आणि 'ला' मला दिसत होते, पण ते काय सांगतात ते पोहोचत नव्हतं. लांब वाक्यांत आणखी एक पंचाईत व्हायची. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, आणि तिथवर पोहोचेतो सुरुवात विसरलेली असायची.

मग रोजचा सराव सुरू झाला. या पद्धतीला ओर्ला (ORLA) म्हणतात, म्हणजे मोठ्याने वाचून भाषेचा सराव. आधी मॅडम वाक्य वाचायच्या, मग शब्दाखाली बोट फिरवत पुन्हा. त्यानंतर आम्ही दोघी एका सुरात वाचायचो, तेही दोनदा. मग त्या म्हणायच्या, "ताई, यात 'उद्या' कुठे आहे, दाखवा." कधी त्या बोट ठेवायच्या आणि तो शब्द मी वाचायचा. शेवटी अख्खं वाक्य पुन्हा एकत्र. सुरुवात तीन ते पाच शब्दांच्या वाक्यांनी झाली, मग आठ ते बारा, मग पंधरा ते तीस. परिच्छेदापर्यंत पोहोचायला मला सात महिने लागले. त्यांच्या आवाजाच्या आधाराने वाचताना अर्थ हळूहळू सापडू लागला, आणि एके दिवशी त्या मध्येच थांबल्या तरी मी पुढे वाचत राहिले.

'ने'खाली लाल रेघ, 'ला'खाली निळी. प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न: कुणी? कुणाला? हे मला सर्वांत कंटाळवाणं वाटायचं आणि सर्वांत उपयोगी तेच पडलं. पुढे परिच्छेद आल्यावर दोन-तीन वाक्यं वाचून कागद झाकायचा आणि त्यात काय होतं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. 'ते', 'तसलं', 'काहीतरी' म्हणायला बंदी होती. त्यामुळे जे कळलं नाही ते लगेच उघडं पडायचं आणि मी मागे जाऊन पुन्हा वाचायची.

एक बदल मात्र कागदात करावा लागला. गोळ्यांच्या सूचना मुलीने नव्याने टाइप केल्या: मोठी अक्षरं, एका ओळीत एकच गोष्ट, ओळींमध्ये मोकळी जागा, वेळ ठळक. त्या दिवसापासून माझ्या गोळ्या मी घेते. असा कागद प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी मिळायला हवा. त्यासाठी सात महिने थांबण्याचं काहीच कारण नव्हतं.

आता दोन वर्षं झाली. कादंबरी वाचताना ऑडिओबुक लावते आणि पानावर बोट फिरवत सोबत जाते. दहा पानं झाली की थकवा येतो, तेव्हा थांबते. हा मजकूर लिहायला नऊ दिवस लागले, आणि लांब झालेली वाक्यं मुलीने तोडून दिली. बातमी जमते, मथळे अजून चकवतात. शब्द चारच असतात, पण क्रियापद गाळलेलं असतं. मग मी ते पेन्सिलने शेजारी लिहिते आणि पुन्हा वाचते.