दहा सेकंद आणि कडेला उभे दोन गडी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, अ‍ॅन आर्बरला नव्याने शिकायला आलेल्या पोराला इथली जुनी मंडळी महिन्याभरात दोन गोष्टी सांगतात. एक, होम गेमच्या शनिवारी गाडी घेऊन मेन स्ट्रीटकडे फिरकू नकोस. दुसरी, 17 ऑक्टोबर 2015. ही दुसरी गोष्ट सांगताना माणसाचा आवाज अजूनही जरा खाली येतो.

त्या दिवशी मिशिगन युनिव्हर्सिटीचा संघ घरच्या मैदानावर मिशिगन स्टेटविरुद्ध 23-21 असा पुढे होता. घड्याळात 10 सेकंद उरली होती आणि चेंडू मिशिगनकडे होता. मॅच मिशिगनने 27-23 अशी हरली. अख्ख्या सामन्यात मिशिगन स्टेट एकदाही आघाडीवर नव्हतं. ते पुढे गेले तेव्हा घड्याळात शून्य होतं.

घरी बसून हे वाचणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून पळायचा खेळ. आणि कॉलेजचा खेळ म्हटलं की आपल्याला इंटर-कॉलेजिएट स्पर्धेतली रिकामी बाकं आठवतात, ती आधी डोळ्यांसमोरून काढा. 1927 साली उघडलेलं मिशिगन स्टेडियम जमिनीत खणून बांधलंय, त्यामुळे रस्त्यावरून त्याचा अंदाजच येत नाही. आत गेल्यावर पायांखाली ही खोल कढई उघडते. त्या दिवशी आत 1,11,740 माणसं होती. वानखेडे तीनदा भरेल एवढी, आणि शहराची एकूण वस्ती सव्वा लाखाच्या आसपास! मिशिगन स्टेट हे शेजारचं घर. ईस्ट लान्सिंग इथून साधारण शंभर किलोमीटर. दरवर्षी जिंकणाऱ्याला पॉल बन्यन या लोककथेतल्या लाकूडतोड्याचा लाकडी पुतळा मिळतो, 1953 पासून. डेट्रॉईट परिसरात गाड्यांच्या धंद्यामुळे पुण्या-पिंपरीकडची पुष्कळ घरं आहेत. त्यांची मुलं या दोनपैकी एका कॉलेजात जातात, कधी एकाच घरातली दोघं दोन्हीकडे. त्या शनिवारी नवरात्राची पाचवी माळ होती.

हरण्याचं दुःख वेगळं मोजावं लागतं, कारण त्या मोसमात आशा नव्याने पालवली होती. मिशिगनचाच जुना क्वार्टरबॅक (हल्ल्याची सूत्रं हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) जिम हार्बॉ कोच म्हणून परत आला होता. पहिली मॅच युटाकडून हरल्यावर ओळीने पाच जिंकल्या, त्यांतल्या शेवटच्या तीनमध्ये समोरच्याला एकही गुण दिला नाही: 31-0, 28-0, 38-0. मिशिगन स्टेटने आधीच्या सात वर्षांत सहा वेळा आपल्याला हरवलेलं. हिशेब चुकता होणार, असं सगळ्यांना वाटत होतं.

आता ती दहा सेकंदं.

हल्ला करणाऱ्या संघाला 10 यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. मिशिगनची चौथी संधी होती, 2 यार्ड हवे होते आणि चेंडू होता मिशिगन स्टेटच्या 47 यार्डांच्या रेषेवर, म्हणजे जवळपास मैदानाच्या मध्यावर. ते 2 यार्ड आधीच्या तीन संधींत निघाले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. हे कोणी फारसं बोलत नाही, पण मूळ दुखणं तिथून सुरू होतं.

पर्याय काय होते? धावून 2 यार्ड काढायला जा आणि अडलात, तर चेंडू तिथेच समोरच्याला मिळतो, वर काही सेकंदही. त्यात एक लांब फेक बसते. मुद्दाम मागे पळत आपल्याच गोलक्षेत्रात जाऊन सेफ्टी द्यायची, ही जुनी युक्ती. पण सेफ्टीचे 2 गुण समोरच्याला जातात आणि आघाडी होतीच 2 गुणांची. म्हणजे बरोबरी. क्वार्टरबॅकने मागे-बाजूला पळत पाच-सहा सेकंदं खायची आणि मग चेंडू उंच, दूर भिरकावायचा, हा मार्ग कागदावर बरा दिसतो, पण वाटेत कोणी हातावर फटका मारला तर? राहिला पंट: चेंडू पायाने लांब मारून समोरच्याला त्यांच्या टोकाशी ढकलायचा. वेळेचा हिशेब मांडला तर पंटच बरोबर होता. मारायला दोन सेकंदं, हवेत चारेक, आणि पकडायला मागे कोणी नसेल तर चेंडू गडगडत राहतो नि घड्याळ पळत राहतं.

आणि मागे कोणी नव्हतंच. मिशिगन स्टेटने चेंडू झेलायला माणूसच ठेवला नाही. सगळं बळ पंट अडवायला पुढे आणून उभं केलं. त्यांना चेंडू परत घेऊन पळायचं नव्हतं, पंट होऊच द्यायचा नव्हता. हे स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे फेकून खेळ सुरू होण्याच्या, आधी सगळ्या स्टेडियमला दिसत होतं.

माझा राग पंटरवर नाही, तो इथे आहे. पंटच्या रचनेत दोन्ही कडांना एकेक गनर उभा असतो. त्याचं काम सुसाट पळत जाऊन चेंडू झेलणाऱ्याला पाडणं. झेलणाराच नाही तर पाडायचं कोणाला? तरी मिशिगनचे दोन्ही गनर लांब कडेला उभे राहिले. अकरातून ते दोन आणि पंटर वजा केला तर अडवायला उरले आठ. त्यातला एक स्नॅप देणारा, ज्याचं डोकं पहिला क्षणभर दोन पायांच्या मध्ये असतं. ते दोघं आत ओढून घेतले असते तर पंटरला अर्धा-एक सेकंद जास्त मिळाला असता. पंटच्या दुनियेत अर्धा सेकंद म्हणजे जहागीर.

कारण ही क्रिया अशी चालते. स्नॅप देणारा वाकून पायांमधून चेंडू 14-15 यार्ड मागे फेकतो, पाऊण सेकंदात. पंटर तो पोटासमोर घेतो, शिवण वर येईल असा हातात फिरवतो, दीड-दोन पावलं टाकतो, चेंडू हातातून पायावर सोडतो. स्नॅपपासून लाथेपर्यंत सगळं मिळून दोन सेकंदं. चूक होते ती बहुतेक वेळा एकाच जागी: चेंडू हातात पक्का बसायच्या आधी नजर वर उठते, अंगावर येणाऱ्यांकडे. त्यात स्नॅप गुडघ्याखाली आला तर हात खाली, डोळे वर, आणि चेंडू बोटांना लागून निसटतो.

मिशिगनचा पंटर ब्लेक ओ'नील, त्याच्या बाबतीत स्नॅप खाली आला आणि निसटला. तरीही मॅच गेलेली नव्हती! तो चेंडूवर नुसता आडवा पडला असता तरी निभावलं असतं. स्नॅपच्या जागेपासून 15 यार्ड मागे म्हणजे मिशिगनची 38 ची रेषा. तिथून मिशिगन स्टेटला 3 गुणांचा फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांच्या मधून) मारायचा तर 38, अधिक गोलक्षेत्राचे 10, अधिक चेंडू धरणारा मागे बसतो ते 7, एकूण 55 यार्ड. तो गोल बसला असता तर 24-23 ने हरलोच असतो, पण कॉलेजच्या किकरसाठी 55 म्हणजे नवसाचा फटका.

ओ'नील पडला नाही. त्याने चेंडू उचलला, वळला आणि तसाच मारायला गेला. हा मुलगा मेलबर्नचा, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर वाढलेला. त्या खेळात चेंडू घेऊन अडकून राहिलात तर शिक्षा होते. धरलं की लगेच लाथ किंवा मूठ मारून तो सोडायचा, हेच लहानपणापासून अंगात भिनतं. अमेरिकन पोरांना पहिल्या वर्षी शिकवतात ते नेमकं उलटं: सुटला की त्यावर पड. संकटात शरीर आधी शिकलेलं तेच करतं. वळतानाच त्याला धडक बसली, चेंडू हवेत उडाला आणि सरळ जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. मिशिगन स्टेटचा हा गडी 38 यार्ड पळाला, थेट गोलक्षेत्रात. त्याला पाडायला मिशिगनचे पळणारे हवे होते, पण ते कुठे होते? पंटच्या मागे पळत मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे निघालेले. म्हणजे त्या दोन गनरांनी आपल्याला दोनदा बुडवलं: आधी अडवताना नव्हते, मग पाडताना नव्हते. टचडाउनचे 6 गुण, 21 चे 27.

त्या क्षणाचं एक दृश्य देशभर फिरलं: पिवळ्या गर्दीत एक विद्यार्थी, दोन्ही हात डोक्यावर, तोंड उघडं. ओठ हलतच नाहीत. त्याच वेळी गोलरेषेपाशी विजयी संघाचा ढीग पडला होता आणि ढिगाच्या तळाशी वॉट्स-जॅक्सनचं कंबरेचं हाड सांध्यातून निखळलं होतं. मॅच जिंकून देणारा थेट इस्पितळात गेला.

आपल्याकडे 1986 च्या शारजातला शेवटचा चेंडू चेतन शर्माच्या नावावर आयुष्यभरासाठी लिहिला गेला. त्याच डावात त्याने तीन बळी घेतले होते, हे किती जणांना आठवतं? ओ'नीलचं तसंच झालं. याच मॅचमध्ये त्याने 80 यार्डांचा पंट मारला होता. 100 यार्डांच्या मैदानात 80. इंटरनेटवर लोकांनी त्याला मारायच्या धमक्या दिल्या, इतक्या की युनिव्हर्सिटीच्या क्रीडा संचालकांना जाहीर पत्र लिहून ते थांबवा म्हणावं लागलं.

मिशिगन स्टेट पुढे त्या वर्षीची बिग टेन (दोन्ही संघ ज्या लीगमध्ये खेळतात ती) जिंकलं, मग अलाबामाने त्यांना 38-0 असं धुतलं. खोटं कशाला बोला, बरं वाटलं. मिशिगनने मोसमाचा शेवट फ्लोरिडाला 41-7 हरवून केला.

पुढच्या वर्षी सामना ईस्ट लान्सिंगला होता. मिशिगन स्टेटने एक सेकंद उरलेलं असताना टचडाउन केला, 30-23, आणि टचडाउननंतर मिळणाऱ्या संधीत जादा 2 गुणांसाठी गेले. चेंडू त्यांच्या हातून निसटला. मिशिगनच्या जब्रिल पेपर्सने तो उचलला आणि अख्खं मैदान पळून पलीकडे नेला. 32-23. त्या दोन गुणांची कोणाला काही गरज नव्हती.