तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्यातून बाह्यग्रह दिसतो का?

‘घोडबंदर रोडच्या गच्चीवरून दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह दिसतो? मग फोटो दाखवा.’ प्रश्न नेहमी असाच येतो. फोटो नाही, ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलला याचा आलेख आहे. आणि तो पुरेसा आहे.

जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाजवळ एचडी 189733 हा 7.7 प्रतीचा (म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा) तारा आहे. अंतर सुमारे 65 प्रकाशवर्षं. त्याचा ग्रह दर 2.2 दिवसांनी त्याच्यासमोरून जातो आणि पावणेदोन तासांच्या आसपास त्याचा 2.4 टक्के प्रकाश अडवतो. ठाण्याचं उजळलेलं आकाश? तो उजेड वजा करता येतो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना केली की धुरकटपणाही बराचसा कटतो. पातळ ढगांचं तसं नाही, ते आले की ती रात्र गेलीच.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात अंधार पडताना हा तारा जवळपास डोक्यावर असतो. 80 मिमीची दुर्बीण आणि डीएसएलआर पुरतो. फोकस मुद्दाम बिघडवायचा, म्हणजे प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरतो. सर्वांत उजळ पिक्सेल कॅमेऱ्याला मोजता येणाऱ्या कमाल उजेडाच्या निम्म्यावर ठेवायचा, मोजणीला फोटोतल्या रंगांपैकी फक्त हिरवा चॅनेल घ्यायचा. ग्रह समोर येण्याआधीचा आणि गेल्यानंतरचा एकेक तासही हवाच.

आता तो आलेख, ज्याने सगळा विश्वास हलवला. 2 टक्क्यांची सुबक घळ. पडताळणीचा तारा, म्हणजे त्याच फोटोंतला प्रकाश न बदलणारा शेजारचा तारा, सपाट, म्हणजे ढग नव्हते. फक्त वेळ भाकितापेक्षा 40 मिनिटं आधीची. भाकीतच चुकलं असेल, असं वाटण्याचा मोह जबरदस्त असतो. मग ताऱ्याची सेन्सरवरची जागा वेळेसमोर मांडली: माउंट (दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरवणारा आधार) हळूहळू सरकत होता आणि तारा बरोबर त्याच मिनिटांना धुळीच्या कणाच्या सावलीवर आला होता. पडताळणीचा तारा दुसऱ्या पिक्सेलवर, तो कसा बोलणार? फ्लॅट फ्रेमनी, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोंनी, ही सावली धुऊन निघते, पण त्या कॅमेरा काढून पुन्हा लावल्यावर घेतल्या होत्या. तेव्हा कण आणि कोन दोन्ही बदललेले. फ्लॅट त्याच संध्याकाळी, कॅमेरा न हलवता घ्यायच्या.

पूर्वी मी बेधडक ‘हो, दिसतो’ म्हणायचो. आता ‘मोजता येतो’ म्हणतो. अडलेला प्रकाश ग्रहाच्या तबकडीच्या क्षेत्रफळाप्रमाणे असतो; 2.4 टक्के म्हणजे 0.024, त्याचं वर्गमूळ 0.155, म्हणजे ग्रहाची रुंदी ताऱ्याच्या 15.5 टक्के. ठाण्यातून एवढं कळणं मला कमी वाटत नाही. पण ती वस्तू ग्रहच आहे, हे माझा आलेख सांगत नाही. अंधूक, लहानसा ताराही एवढाच प्रकाश अडवू शकतो. वस्तुमान 2005 साली फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेने ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डळमळण्यावरून काढलं. गच्चीवरून ते जमत नाही. मग मी पाहतो ते ग्रहाला पाहणं म्हणायचं का? याचं उत्तर माझ्याकडेही पक्कं नाही.