कुलवृत्तांतातला ‘युद्ध’ हा रकाना

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा लष्करी सेवेचं प्रकरण माझ्या वाट्याला आलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरात हे प्रकरण मोठंच असतं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि त्या छावणीचंच पुढे शहर झालं. तिच्याबरोबर आलेल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी पलटणीत असायचं. जुन्या आवृत्तीत अशा प्रत्येकाच्या नावापुढे ‘युद्ध’ असा एकच रकाना होता, आणि त्यात ‘जर्मनची लढाई’, ‘गदर’, ‘पाकिस्तान’ एवढंच. जर्मनची म्हणजे १९१४ ची की १९३९ ची, पाकिस्तान म्हणजे १९४७, १९६५ की १९७१, याचा पत्ता नाही.

पणजोबांपासून सुरुवात केली. त्यांच्यापुढे चक्क ‘१९७१’ लिहिलेलं होतं. बांगलादेशाच्या युद्धाच्या कितीतरी आधी ते वारले होते. मूळ कागद मोडीत होता. तो वाचून घेतला तेव्हा उलगडा झाला: ‘संवत १९७१, आफ्रिकेस रवाना’. शिंदे सरकारच्या कागदांत विक्रम संवत चालायचा. त्यातून ५७ वजा केले की १९१४ येतं, आणि संवताचे शेवटचे महिने १९१५ च्या सुरुवातीला जातात. म्हणजे पहिलं महायुद्ध.

पण आफ्रिकेत कुठे? संस्थानाची तिसरी ग्वाल्हेर इन्फंट्री पूर्व आफ्रिकेत गेली होती आणि चौथी इजिप्तमध्ये, सुएझ कालव्याच्या रक्षणाला. दोन्ही आफ्रिकाच. पलटणीचा नंबर कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि तो नंबर सापडला आत्याच्या कपाटातल्या पदकावर. १९१४-१५ च्या स्टारची पाठ कोरी असते. तिच्यावर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पणजोबांची पलटण तिसरी निघाली.

नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर जी फौज उतरवली, तिच्यात या तिसऱ्या पलटणीचा अर्धा भाग होता. चुलतभाऊ म्हणाला, ‘दादा, मग टांगाची लढाई लिहून टाक.’ मी लिहिलं नाही. पणजोबा त्या अर्ध्या भागात होते की दुसऱ्या, याचा कागद आपल्याकडे नाही. ‘पहिले महायुद्ध, पूर्व आफ्रिका आघाडी’ एवढं सिद्ध होतं, तेवढंच नोंदवलं. माझ्या मते या कामाचा सगळा कस इथेच लागतो. पलटण लढली म्हणून माणूस लढला असं आपोआप ठरत नाही.

ही पदकं घरोघरी चिंचेने घासून लख्ख केली जातात, ते पाहून जीव हळहळतो. पहिल्या महायुद्धाच्या वॉर मेडलवर शिपायाचं नाव कडेला असतं आणि घासून घासून आधी तेच जातं. चांदीच्या भावाने किती वॉर मेडलं मोडीत गेली असतील, त्याला तर हिशेबच नाही.

सातारकडच्या शाखेतल्या एका आजोबांची नोंद वेगळ्याच कारणाने अडली. ते १९२० मध्ये वझिरिस्तानात पडले. महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मात्र ते पहिल्या महायुद्धाच्या मृतांत आहेत. युद्ध १९१८ ला थांबलं, तर हे कसं? कमिशनने पहिल्या महायुद्धाचा काळ ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ असा धरलाय, आणि दुसऱ्याचा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या तारखा त्यांच्या स्मारकांच्या कामासाठी आहेत. आमच्या वृत्तांतात ते आजोबा ‘वायव्य सरहद्द, वझिरिस्तान मोहीम’ या सदराखाली आले आणि कमिशनची नोंद शेरा म्हणून खाली दिली. दोन्ही ठेवणं महत्त्वाचं आहे, नाहीतर उद्या नातवंडं यादी बघतील आणि आपलं पुस्तक खोटं ठरवतील.

१८५८ ची नोंद मी अजून अर्धी ठेवली आहे. वडीलधारे म्हणतात, ‘आपले पूर्वज राणीसाहेबांच्या बाजूने लढले.’ असतीलही. पण ग्वाल्हेरला तेव्हा दोन फौजा होत्या: इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट आणि शिंद्यांची स्वतःची. कंटिंजंट १८५७ च्या जूनमध्येच इंग्रजांविरुद्ध उठली. शिंद्यांच्या फौजेतले बहुतेक लोक १ जून १८५८ ला मोरारजवळ तात्या टोपे आणि झाशीच्या राणींना जाऊन मिळाले, आणि महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला गेले. एकाच माणसाची बाजू एका दिवसात बदललेली असू शकते. आमच्याकडे फक्त नाव आणि ‘शिंदे सरकार चाकरी’ एवढंच आहे. म्हणून ‘१८५८, ग्वाल्हेर’ लिहिलं आणि बाजूचा रकाना मोकळा सोडला. घरची सांगी वेगळ्या परिच्छेदात, ‘कुटुंबातील आठवण’ म्हणून, शब्दशः घेतली.

सगळ्यात नाजूक होतं काकांचं. ‘काका दोन्ही लढाया लढले’ हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्यांचं डिस्चार्ज बुक उघडलं तर १९६५ साठी रक्षा मेडल होतं, समर सेवा स्टार नव्हता. रक्षा मेडल त्या काळात नोकरीत असलेल्यांना मिळालं, स्टार रणक्षेत्रात असलेल्यांना. १९७१ चं उलट: संग्राम मेडलबरोबर ‘पूर्वी स्टार’ हे पदकही होतं, म्हणजे पूर्व आघाडीवर ते नक्की होते. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती दुखावली. ‘अरे, ६५ ला ते काय घरी बसले होते का?’ नव्हतेच बसले. ते ट्रेनिंग सेंटरवर रंगरूट घडवत होते आणि तीच मुलं पुढे सीमेवर गेली. तिचं म्हणणं मला पटलं आणि म्हणूनच एका रकान्याचे दोन झाले: ‘सेवाकाळातील युद्ध’ आणि ‘प्रत्यक्ष रणक्षेत्र’. काकांच्या १९६५ पुढे पहिल्यात नोंद आली आणि दुसऱ्यात ‘प्रशिक्षण केंद्र’ असं काम लिहिलं. आत्याने ते पान स्वतः वाचून होकार दिला.

दोन रकाने झाल्यावर बाकीचं भराभर उरकलं. मावशीचे यजमान गाझात होते. ते युद्ध नव्हे, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना, म्हणून त्यांचं सदर वेगळं. संस्थानाच्या फौजेतून भारतीय सैन्यात आलेल्यांचा मात्र धागा तुटतो, कारण ग्वाल्हेरची पलटण कुमाऊं रेजिमेंटमध्ये विलीन झाली. विलीनीकरणानंतरचे कागद हवे असतील तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला सर्व्हिस नंबर घालून लिहावं लागतं. नुसत्या नावावर कुणी काही शोधून देत नाही.

शेवटची अडचण ‘ऑपरेशन विजय’ची. १९६१ च्या गोव्याच्या कारवाईचं नावही हेच आणि १९९९ च्या कारगिलचंही. तेव्हा नावापुढे साल सक्तीचं केलं. आमचा मावसभाऊ १९९९ ला फौजेत होता. त्याला कोरा तक्ता पाठवला, तर त्याने स्वतःच्या हाताने भरून दिला: ‘ऑपरेशन विजय, १९९९. मेडल आहे, स्टार नाही. रणक्षेत्र: लागू नाही.’ खाली सही, हुद्दा आणि तारीख. तक्ता तसाच छापायला दिला आहे.