सगळं छान आहे हो

हॉटेलात जेवताना आमच्या घरचा एक ठरलेला प्रयोग असतो. आमटी खारट, पोळी वातड, मागवलेलं ताक अजून आलेलं नाही, यावर दबक्या आवाजात चर्चा रंगते. तेवढ्यात मालक टेबलाशी येऊन विचारतो, "कसं वाटलं जेवण?" लगेच आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, "छान!" मालक वळला की चर्चा मागल्या पानावरून पुढे.

त्यामुळे 'फॉल्टी टॉवर्स' पुन्हा बघायला घेतली तेव्हा माझं लक्ष सारखं पाहुण्यांकडेच जात होतं. बीबीसीची ही मालिका म्हणजे १९७५ चे सहा भाग आणि १९७९ चे सहा. बारा भागांत दुकान बंद. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीमधलं हॉटेल, आणि ते चालवणारा बेसिल फॉल्टी. पाहुणे नसते तर यानं हॉटेल उत्तम चालवलं असतं! जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या दोघांनी मिळून ती लिहिली. क्लीज ज्यात होते त्या मॉन्टी पायथन या विनोदी गटाची मंडळी टॉर्कीच्याच एका हॉटेलात उतरली असताना क्लीजना बेसिलचं मूळ सापडलं. त्या हॉटेलाच्या मालकानं गटातल्या एरिक आयडलची बॅग बॉम्बच्या संशयानं बाहेर नेऊन ठेवली होती म्हणतात. म्हणजे बेसिलच्या आधी पाहुणे होते, आणि लिहिणारा त्यांच्यातलाच एक.

कॉलेजात असताना मी बिनशर्त बेसिलच्या बाजूनं. त्या मिसेस रिचर्ड्स! कानाला यंत्र, पण बॅटरी संपेल म्हणून ते बंद. खिडकीतून समुद्र नीट दिसत नाही, ही तक्रार. टॉर्कीच्या खिडकीतून काय दिसायला हवं होतं बाईसाहेबांना, सिडनीचं ऑपेरा हाउस? असं बेसिल विचारतो, आणि आम्ही लोळायचो. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, बाई पैसे मोजून आल्यात, विचारलं तर बिघडलं कुठे? शिवाय हरवलेल्या पंच्याऐंशी पौंडांचा घोर डोक्याला. अभिनेत्री जोन सँडर्सननं ती अशी ताठ कण्यानं केलीय की बेसिलच तिच्यापुढे पोरकट दिसतो.

चमच्यांचा फिरता विक्रेता हचिन्सन मात्र मला अजूनही सोसत नाही. त्याच्या प्रत्येक मागणीला तीन पोटकलमं. पण बेसिलला तो गुप्तपणे आलेला हॉटेल निरीक्षक वाटतो, म्हणून हा लोण्याचा गोळा होतो. त्याच बेसिलनं लॉर्ड मेलबरी नावाच्या भामट्यापुढे तर लोटांगणच घातलं होतं. पदवी बघून आदर ठरतो, आणि पदवी खोटी निघते.

बेसिलला सोयीचा पाहुणा एकच, मिस्टर लीमन. हा रात्रीत झोपेतच गेलेला. सकाळी बेसिल नाश्त्याचा ट्रे घेऊन येतो, पेपरातल्या संपाच्या बातमीवर तावातावानं बोलतो, आणि समोरचा साधं हूं की चूं करत नाही म्हणून रागावतो. उलट बोलत नाही, काही मागत नाही. तरी त्यालाही नंतर लपवत फिरावं लागतंच.

पण माझे खरे भाऊबंद 'वॉल्डॉर्फ सॅलड'च्या भागात भेटतात. जेवण भिकार, वाढप त्याहून. पाहुणे आपसात धुसफुसतात आणि विचारलं की म्हणतात, छान आहे. मग अमेरिकेचा मिस्टर हॅमिल्टन येतो. स्वयंपाकघर बंद व्हायची वेळ झालेली, म्हणून आचाऱ्याला थांबवायला तो वर वीस पौंड मोजतो. मागतो काय, तर सफरचंद, सेलरी, अक्रोड, द्राक्षं घातलेलं साधं सॅलड. तेही मिळत नाही. तो भडकून म्हणतो, पश्चिम युरोपातलं हे सर्वांत भिकार हॉटेल. यावर तिथंच मुक्काम ठोकून असलेले मेजर बाणेदारपणे बेसिलच्या मदतीला धावतात: छे छे, ईस्टबोर्नला एक आहे!

मग गंमत. एकजण उठून म्हणतो, आम्ही नाही समाधानी. मागोमाग दुसरा, तिसरा. इतका वेळ गिळलेलं सगळं बाहेर येतं. दर वेळी मी इथं खुर्चीत पुढे सरकतो, जणू आता माझाच नंबर.

बेसिल चिडून हॉटेल सोडतो. बाहेर मुसळधार पाऊस. क्षणभर उभा राहतो, वळतो, निथळत काउंटरशी येतो आणि पाहुणा म्हणून खोली मागतो. नाश्ता अंथरुणातच हवा म्हणतो. आणि त्या नाश्त्यात, वॉल्डॉर्फ सॅलड.