सूर्यास्ताची जागा शोधायची तर आधी महिना धरा

विदर्भात सूर्योदय-सूर्यास्ताचा विषय निघाला की चिखलदरा, फार तर लोणार किंवा रामटेकचा गड, इथेच यादी संपते. ही ठिकाणं चांगलीच आहेत. पण गावापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, सायकलने जाता येईल अशी एखादी चांगली जागा बहुतेक गावांच्या शिवारात असते. ती सापडत नाही, कारण लोक नुसती जागा शोधतात, महिना धरत नाहीत. डिसेंबरात तलावाच्या ज्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, सूर्य थेट पाण्यात उतरताना दिसतो, त्याच पाळीवर जूनमध्ये उभं राहिलं तर तो गावातल्या पाण्याच्या टाकीमागे जाऊ शकतो.

दिशेचा हिशेब सोपा आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. तिथून तो सरकत २१ जूनच्या सुमारास आपल्याकडे सुमारे २५ अंश उत्तरेला जातो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात क्षितिजाचा ५० अंशांचा पट्टा तो वापरतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. रोज जवळपास एका सूर्यबिंबाएवढा, आठवड्याला तीन अंश. जून आणि डिसेंबरच्या मध्यावर मात्र तो जागेवर थांबल्यासारखा असतो, दोन आठवड्यांत एक अंशही हलत नाही. म्हणून डिसेंबरची जागा सापडली की महिनाभर पुरते, मार्चची आठवड्याभरात हातची जाते. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो असं आपण म्हणतो, पण क्षितिजावर पाहिलं तर तोवर तो चार बिंबांएवढा उत्तरेकडे सरकून गेलेला असतो.

हे अंश मोजायला यंत्र लागत नाही. हात पूर्ण लांब करून मूठ आवळली की मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. आधी आपली मूठ तपासून घ्या. क्षितिजापासून बरोबर डोक्यावरच्या बिंदूपर्यंत मुठीवर मूठ ठेवत जा, नऊ मुठी भरायला हव्यात. आठ किंवा दहा भरल्या तर तो फरक लक्षात ठेवा. मग पश्चिम नक्की करून तिथून उजवीकडे अडीच मुठी मोजल्या की जूनचा सूर्यास्त, डावीकडे अडीच मोजल्या की डिसेंबरचा. सूर्योदयाला तोंड पूर्वेकडे असतं, तेव्हा हे उलटं होतं : डावीकडे जून, उजवीकडे डिसेंबर.

पश्चिम नक्की करायला मोबाइलमधलं होकायंत्र चालतं. पण मोटरसायकलवर ठेवून पाहिलं तर ते हमखास चुकतं. गाडीपासून, लोखंडी दारापासून, विजेच्या खांबापासून दहा-पंधरा पावलं लांब जा आणि मोबाइल जमिनीला समांतर धरा. मोबाइलच्या कव्हराला चुंबकाचं बटन असेल तर कव्हर आधी काढा, बरेच जण इथेच फसतात. मोबाइल नसेल तर रात्री ध्रुवतारा बघा. आपल्याकडे तो उत्तरेला क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर दिसतो. काठी रोवून भरदुपारची सावली बघण्याची पद्धत इतर वेळी उत्तम, पण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिच्यावर विसंबू नका. त्या काळात विदर्भात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली बोटभर उरते आणि तीही कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला पडते.

पाहणीला दुपारी जा, सूर्यास्ताच्या वेळी नाही. समोर सूर्य असला की डोळे दिपतात आणि क्षितिजावर काय काय आडवं येतंय ते कळतच नाही. दुपारी निवांत बघितलं की एकेक अडथळा दिसतो. त्यांचा हिशेबही वेळेत मांडता येतो. सूर्य मावळताना एक मूठ खाली यायला पाऊण तासाच्या आसपास घेतो, म्हणजे एका अंशाला साधारण साडेचार मिनिटं. शंभर मीटरवर दहा मीटर उंचीचं कडुनिंबाचं झाड असेल तर ते शेवटची वीसेक मिनिटं खातं. तेच झाड पाचशे मीटरवर असेल तर जेमतेम चार मिनिटं. म्हणून उंच जागेपेक्षा समोर अर्धा किलोमीटर मोकळं रान असणं जास्त मोलाचं. माणसं उगाच टेकडी शोधत फिरतात.

पूर्णेचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, याचा उत्तम नमुना आहे. अकोला, दर्यापूर, अंजनगाव या भागात जमीन इतकी सपाट आहे की पांदणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, उभं राहूनसुद्धा पश्चिमेला सूर्य जवळजवळ मातीला टेकताना दिसतो. उत्तरेला सातपुड्याची रांग आहे, पण तिची धास्ती नको. आठशे मीटर उंच उठलेला डोंगर तीस किलोमीटरवर असेल तर तो दीड अंशच झाकतो, सात मिनिटांचा फरक. खरी अडचण पिकाची. सोयाबीन ऑक्टोबरात निघून गेलं तरी मधली तूर उभीच असते आणि डिसेंबरपर्यंत ती माणसाच्या खांद्याला लागते. कपाशीच्या वावरात उभ्याने दिसतं, बसल्यावर नाही. अशा वेळी विहिरीच्या खोदकामाचा मलबा शोधा. मुरूम-दगडाचा तो ढीग माणसापेक्षा उंच असतो, वर गेलं की आजूबाजूच्या तुरीच्या शेंड्यांवरून नजर जाते. वावर ज्याचं असेल त्याला विचारून चढा आणि विहिरीच्या काठाकडच्या बाजूने चढू नका, तिथली माती ढासळते. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांत तर क्षितिजच दिसत नाही. तिथे हा मलबा किंवा तलावाची पाळ, एवढेच मार्ग.

यवतमाळ-वर्ध्याकडच्या सपाट माथ्याच्या टेकड्यांवर एक चूक सर्रास होते. लोक माथ्याच्या मध्यावर थांबतात. तिथून टेकडीचाच काठ आणि झुडपं आडवी येतात. सूर्यास्ताला पश्चिमेच्या काठावर जा, सूर्योदयाला पूर्वेच्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथलं कुसळी गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं. कुसळं सुती पँटमध्ये घुसून बसतात आणि दोन धुण्यांनंतरही टोचतात, जाड आणि गुळगुळीत कापड घाला.

आता पूर्व विदर्भ, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांइतकी, म्हणजे जुन्या गावतलावांइतकी, सुंदर जागा माझ्या मते साऱ्या विदर्भात नाही. मोठ्या धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागू शकते, फोटोला मनाई असते. गावतलावाच्या पाळीवर ही कटकट नसते. नियम एकच लक्षात ठेवा : पाणी तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये हवं. म्हणजे सूर्यास्ताला तलावाच्या पूर्व काठावर आणि सूर्योदयाला पश्चिम काठावर. पाळ कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा. ती पूर्वेला असेल तर तो तलाव संध्याकाळचा, पश्चिमेला असेल तर सकाळचा. पाळ उत्तरेला किंवा दक्षिणेला असली तर तिच्या टोकाला जाऊन बघा, जून किंवा डिसेंबरात तिथून जमून जातं.

प्रतिबिंब हवं असेल तर सकाळ बरी, कारण पहाटे वारा पडलेला असतो. पाण्याजवळ खाली बसलं की लाल पट्टा लांब दिसतो, पाळीवर उभं राहिलं की आखूड. तलावात शिंगाडा लावलेला असेल तर पानांनी पाणी झाकलेलं असतं आणि प्रतिबिंबाची आशा सोडावी लागते, पण ढिवरांचा डोंगा त्या हिरव्या थरातून वाट काढत जातो तेव्हा त्याच्या मागे पाण्याची एक चकाकती रेघ उघडते आणि थोड्या वेळाने पानं परत मिटतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयाआधी पाण्यावरून वाफ निघते. ती हातभर उंच असेल तर दृश्य अप्रतिम, डोक्याच्या वर गेली तर सूर्य दिसणारच नाही, मग पाळीवरच थांबा. एप्रिलपर्यंत पाणी खूप मागे हटतं. ऑक्टोबरात पायाशी असलेला काठ तेव्हा भेगाळलेल्या चिखलापलीकडे गेलेला असतो, कुठे त्यात गाळपेर केलेली असते. वरून कोरडा दिसणारा तो गाळ आत ओला असतो, गुडघाभर पाय जातो.

लोणारबद्दल एकच सांगतो. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि खोली सव्वाशे मीटरच्या वर. खाली तळ्याकाठी उभं राहिलात तर पूर्व काठावरूनसुद्धा समोरच्या कड्यामागे सूर्य वीसेक मिनिटं आधीच जातो. सूर्यास्त बघायचा तर वर, विवराच्या पूर्वेकडच्या कडेला थांबा. चिखलदऱ्याला जुलै-ऑगस्टात जाऊन सूर्यास्ताची वाट बघणं व्यर्थ, धुक्यात दरीच दिसत नाही.

घड्याळाचं गणितही महिन्यावर आहे. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि आपण तिच्या पश्चिमेला. घड्याळ सगळीकडे एकच, पण जितकं पश्चिमेला तितका सूर्य उशिरा, त्यामुळे गडचिरोलीत सूर्य उगवल्यावर बुलढाण्यात उगवायला सुमारे पंधरा मिनिटं लागतात. नागपूरच्या वेळा धरल्या तर जूनमध्ये सूर्योदय साडेपाचच्या आसपास आणि सूर्यास्त सातच्या आसपास. सगळ्यात लवकर सूर्यास्त, साडेपाचच्या सुमारास, नोव्हेंबरच्या शेवटी होतो आणि सगळ्यात उशिरा सूर्योदय, सात वाजायला सहा-सात मिनिटं असताना, जानेवारीच्या मध्यात. दोन्ही २२ डिसेंबरला होतात असं समजून लोक उशिरा पोहोचतात. बिंब टेकल्यापासून बुडेपर्यंत दोन-अडीच मिनिटंच मिळतात.

रंग कधी खुलतील हे सूर्यावर नाही, ढगांवर ठरतं. आभाळ अगदी स्वच्छ असलं तर सूर्यास्त साधाच होतो. उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग हवेत आणि क्षितिज मोकळं हवं. सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळाने आठेक किलोमीटर उंचीच्या ढगाला जो प्रकाश लागतो तो सुमारे तीनशे किलोमीटर पश्चिमेकडून जमिनीला घासून आलेला असतो. म्हणून नागपूरकडच्यांनी संध्याकाळी उपग्रहाच्या चित्रात बुलढाण्यावरचं आभाळ बघावं, अमरावतीकरांनी धुळ्यावरचं. तिथे दाट ढग असतील तर आपल्याकडचे ढग राखाडीच राहणार. सूर्योदयाला नागपूरहून रायपूरच्या बाजूला बघा. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर ही चित्रं मिळतात.

पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर सगळ्यात भरवशाचा. धूळ खाली बसलेली, हवा धुतलेली. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते, चुलीचा धूर वर न चढता वावरावर आडवा पसरतो आणि सूर्य उगवूनही पाच-दहा मिनिटं दिसत नाही, मग एकदम तांब्याच्या थाळीसारखा वर येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, तो धूर जंगलपट्ट्यातल्या क्षितिजावर आठवडेच्या आठवडे राहतो.

सूर्य बुडाला की लगेच गाडीला किक मारू नका. ढगांचे खरे रंग दहा ते वीस मिनिटांनी चढतात. आणि त्या वेळात एकदा पाठ फिरवून पूर्वेकडे बघा. क्षितिजाला लागून निळसर-करडा पट्टा वर चढत असतो आणि त्याच्या माथ्यावर फिकट गुलाबी कडा. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. खारपाणपट्ट्यासारख्या सपाट रानात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. सकाळी हेच पश्चिमेला, सूर्योदयाच्या आधी दिसतं.

जिवाच्या गोष्टी आता. चंद्रपूर, गडचिरोली, ताडोब्याच्या आसपास आणि मेळघाटात जंगलालगत पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकटं बसू नका. बसलेला, वाकलेला माणूस वाघ-बिबटाला जनावर वाटू शकतो. गावकऱ्यांनी चार दिवसांत पाऊलखुणा पाहिल्यात का, हे आधी विचारा, आणि हो म्हणाले तर बेत रद्द करा. रानडुकरांसाठी धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, झटका मशीनची तार असते, ती बहुतेक संध्याकाळीच चालू करतात, आणि काही ठिकाणी थेट विजेचा प्रवाह सोडलेला असतो, जो जीवघेणा आहे. अंधारात कुठल्याही तारेला हात लावू नका, तिच्यावरून टांग टाकू नका. पाळीच्या दगडांत परड हा विषारी साप असतो, हात घालण्याआधी उजेड टाका. ऑक्टोबरात वीज चमकली आणि तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पाळ आणि टेकडी लगेच सोडा, झाडाखाली थांबू नका.

काळ्या मातीच्या पांदणीत पाऊस पडून दोन-तीन दिवस कडक ऊन झाल्याशिवाय गाडी घालू नका. मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिकट माती भरते, चाक जाम होतं आणि मग काडीने माती उकरत बसावं लागतं. डांबरी रस्त्यावर गाडी लावायची तर पूर्ण खाली उतरवून लावा. आपल्याकडचे बरेच मोठे रस्ते पूर्व-पश्चिम जातात, सूर्यास्ताच्या वेळी पश्चिमेकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर थेट ऊन असतं आणि कडेला उभा माणूस त्याला दिसत नाही. दुर्बिणीतून किंवा साध्या कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे बघू नका, तो लाल दिसत असला तरी. परतीला डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात.