संघाच्या नावात तालीम का?

आमच्या कोल्हापूरच्या फुटबॉल संघांच्या नावात 'तालीम' का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बाहेरगावचा पाहुणा शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा आला की हेच विचारतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम अशी नावं ऐकतो आणि हळूच म्हणतो, "ही सगळी पैलवान मंडळी आहेत का?"

होती की. शाहू महाराजांनी कुस्ती उचलून धरली, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. पण तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौदा, असं समजू नका. तिथं मारुती असतो, गणपती तिथंच बसतो, कित्येक तालमींत मोहरमला पंजेही बसतात. भावाभावांची भांडणं तिथं मिटतात, नवी तिथंच ठरतात. संध्याकाळी पोरगं घरात नसलं की आई तालमीकडं माणूस धाडायची. मग फुटबॉल कोल्हापुरात आला तेव्हा तो पोरं जिथं होती तिथंच गेला. वेगळा क्लब काढायची गरजच पडली नाही. (प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ अशी तालीम नसलेली नावंही आहेत, पण मुळं पेठेतच.)

म्हणून "तुमचा संघ कधी स्थापन झाला?" या पुढच्या प्रश्नाला आमच्याकडं धड उत्तर नाही. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० सालची. तिच्या लीगच्या वरिष्ठ गटात आज १६ संघ खेळतात. पण पेठेतला संघ कोणी नारळ फोडून सुरू केला नव्हता. घामेजलेली पोरं हौद्यातून उठली आणि चेंडूमागं पळाली, इतकंच.

आमचा संघ कोणता, हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे वाचक इथंच थांबतील आणि उरलेले चुका काढायला बसतील. आमचा सगळा इतिहास तालमीतल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. त्यात वर्गणीच्या वह्या, उंदरांनी कुरतडलेले दोन शर्ट आणि एक फोटो.

वह्या वाचायला मला फार आवडतात. 'चेंडू शिलाई', 'लिंबू', 'ब्लॅडर', पुन्हा 'चेंडू शिलाई'. पूर्वीचा चामड्याचा चेंडू म्हणजे घरचं दुभतं जनावर, त्याची सेवा करावी लागे. तोंडाला वादी बांधलेली, आत रबरी ब्लॅडर, हवा सायकलच्या पंपानं. पावसात भिजला की असा जड व्हायचा की डोक्यानं मारणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ उठे. शिवण उसवली की पेठेतल्या चप्पल करणाऱ्या मामांकडं न्यायचा. ते हातातली चप्पल बाजूला ठेवत, दोऱ्याला मेण चोळत आणि आरीनं टाका घालत म्हणत, "शनिवारी कुणाबर हाय?" त्यांनी पैसे घेतले की नाही ते वहीतूनच कळतं. जिंकल्याच्या आठवड्यात शिलाईची नोंद नाही.

एका पानावर एक नाव लाल शाईनं खोडलंय. पुढं शेरा नाही. आमच्या आण्णांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, विचारलं तर म्हणाले, "त्येनं पेठ सोडली." म्हणजे घर बदललं नाही, घर तिथंच होतं. तो एका सामन्यात दुसऱ्या पेठेकडून खेळला. आता खेळाडू रीतसर नोंदणी करून संघ बदलतात, बाहेरगावचेच काय, आफ्रिकेतले खेळाडूही इथं खेळून गेलेत, कोणाला काही वाटत नाही. तेव्हा मात्र हा फितुरीचा मामला. त्याच सामन्यात त्यानं आमच्यावर गोल केला, हे आण्णांनी तीन चहा झाल्यावर सांगितलं. इतकी ईर्ष्या बरी नव्हे, हे माझं मत. आमच्या गॅलरीतून बाटल्या गेल्या त्या दिवशी मीही तिथंच उभा होतो आणि कोणाचा हात धरला नाही, म्हणून फार बोलत नाही.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला, तेव्हा मात्र पेठांची भाषा एका संध्याकाळपुरती बंद पडली. अमेरिकेनं ३-० नं हरवलं. तरी कट्ट्यावर चर्चा एवढीच, की पोरगं आपल्या गावचं हाय.

राहिला फोटो. अकरा जण, मागं तालमीची भिंत. डावीकडून दुसऱ्याचा चेहरा कोणीतरी ब्लेडनं खरवडलाय. तोच तो.

गेल्या हंगामात त्याचा नातू आमच्याकडून खेळायला आला. चांगला लेफ्ट विंगर. एकदा सरावानंतर म्हणाला, "काका, आजोबांचा फोटो हाय म्हणं तालमीत?" नाही कसं म्हणणार. ट्रंक उघडली. त्यानं फोटो दिव्याखाली धरला. खरवडलेल्या जागेवर अंगठा फिरवला, पण त्याबद्दल अक्षर बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला, "पायात काहीच नाही की ओ ह्यांच्या."

खरंच नव्हतं. अकराही जण अनवाणी. त्यानं मोबाईल काढला आणि डावीकडून दुसरे दोन पाय तेवढे टिपून घेतले.