केपचा वळसा आणि शेल्फ लाइफचा हिशेब

१८ डिसेंबर २०२३, सोमवार. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, त्यामुळे वेर्ण्याच्या औषध कारखान्याच्या सगळ्या सह्या त्याच दिवशी उरकायच्या होत्या. सकाळी साडेनऊला वास्कोतल्या आमच्या फॉरवर्डिंग ऑफिसात (आम्ही कारखान्यांचा माल परदेशी पोचवून देतो) लाइनची, म्हणजे जहाज कंपनीची, मेल येऊन पडली: जहाज तांबड्या समुद्रातून जाणार नाही, केप ऑफ गुड होपला वळसा घालेल, जादा शुल्क मागाहून कळवू.

१९ नोव्हेंबरला येमेनच्या हूथी बंडखोरांनी 'गॅलॅक्सी लीडर' हे जहाज पळवलं तेव्हापासून ही धास्ती होतीच. १५ डिसेंबरला मोठ्या लाइन्सनी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबची वाट थांबवली, मग लहानही त्यांच्या मागे गेल्या. भांडण्यात अर्थ नव्हता. मार्ग बदलायचा हक्क बिल ऑफ लेडिंगच्या (लाइनने दिलेल्या मालाच्या पावतीच्या) मागच्या बारीक छपाईत लाइनने आधीच घेऊन ठेवलेला असतो.

आमचा डबा म्हणजे चाळीस फुटी रीफर (तापमान राखणारा कंटेनर), २० पॅलेट गोळ्या, तापमान १५ ते २५ अंश. मुरगाव बंदर आमच्या खिडकीतून दिसतं, पण हा माल अनमोडचा घाट चढून न्हावाशेव्याला गेला होता आणि तिथे टर्मिनलात विजेच्या प्लगवर उभा होता. जहाज बुधवारी सुटणार. पुढे सुएझ, इस्तंबूल, काळ्या समुद्रावरचं रशियन बंदर नोवोरोसियस्क आणि तिथून रस्त्याने मॉस्को.

कारखान्याच्या डिस्पॅचच्या मॅनेजरबाईंचा लगेच फोन. "अहो, इराणमधून रशियाला तो कॉरिडॉर आहे ना? नकाशात तर सरळ वर जातो."

जातो. उत्तर-दक्षिण कॉरिडॉरचा करार सप्टेंबर २००० मधला, लांबी ७,२०० किलोमीटर. पण इराणमधल्या रश्तपासून अझरबैजानच्या सीमेवरच्या अस्तारापर्यंतचा १६२ किलोमीटरचा रेल्वेचा तुकडा तेव्हा बांधायचाच होता. म्हणजे रश्तला डबा वॅगनवरून ट्रकवर आणि अस्ताराला पुन्हा वॅगनवर. शिवाय इराणचा रूळ १,४३५ मिलिमीटरचा, पलीकडे अझरबैजान-रशियाचा १,५२० चा. साध्या डब्याला हे चालतं. रीफरला प्रत्येक बदलीत वीज लागते: डब्याला क्लिप-ऑन जेनसेट (अडकवायचा जनरेटर), त्यात डिझेल, आणि ते कुठल्या ठाण्यावर कोण भरणार याचं लेखी उत्तर. ते आम्हाला कुणीच देईना. कास्पियनमधून बोटीने रशियातल्या आस्त्राखानला न्यावं, तर त्या समुद्राचा उत्तर भाग हिवाळ्यात गोठतो. (बाहेर उणे पंधरा असताना रीफर माल गार करत नाही, ऊब देतो. त्यामुळे वीज गेली की गोळ्या गोठायची भीती.)

दिल्लीत सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरचंही त्यांनी विचारलं. त्याचे सौदीतले रूळच पूर्ण नव्हते, आणि ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यानंतर इस्रायलच्या हैफा बंदराकडे कोण बघणार?

खरी गाठ विम्यात होती. दुपारी पणजीच्या ब्रोकरबरोबर पॉलिसी उघडून बसलो. कार्गो क्लॉज 'ए' म्हणजे सर्व जोखीम असं लोक समजतात, पण युद्ध त्यातून वगळलेलं असतं. ते वेगळ्या वॉर क्लॉजने घ्यावं लागतं, आणि ते संरक्षण माल जहाजावर असतानाच. शेवटच्या बंदरात उतरला की संपलं, किंवा जहाज पोचल्यावर फार तर पंधरा दिवस. म्हणजे इराणच्या रस्त्यावर युद्धाचं छत्र शून्य. त्यात इराण-रशियावरच्या निर्बंधांचं कलम: दावा मंजूर झाला तरी पैसे अडकू शकतात. आणि सर्वांत जाचक ४.५ वं कलम: उशिरामुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही, उशीर विम्यातल्या धोक्यामुळे झाला असला तरीही.

आमचं नुकसान नेमकं उशिराचंच होणार होतं. गोळ्या सप्टेंबरच्या, मुदत २४ महिने. करारात माल पोचताना ७५ टक्के शेल्फ लाइफ शिल्लक हवी, म्हणजे २९ फेब्रुवारीच्या आत. हातात ७३ दिवस. सुएझमार्गे ४५ पुरले असते. केपमार्गे आफ्रिका ओलांडून जिब्राल्टरमधून पुन्हा काळ्या समुद्रापर्यंत यायचं, तर लाइनचा अंदाज ७० दिवसांचा, तोही फक्त बंदरापर्यंत.

मालकांचं म्हणणं, 'बॅक टू टाउन' करा. म्हणजे टर्मिनलातून डबा परत काढा, कस्टम्ससमोर सील तोडा, शिपिंग बिल (कस्टम्सचा निर्यातीचा कागद) दुरुस्त करा आणि अर्धा माल विमानाने पाठवा. मी नको म्हटलं. त्यात जहाज हुकतं, पुढचं आठवड्याने, आणि उरलेला अर्धा माल नक्कीच बाद. त्यापेक्षा डबा आहे तसा जाऊ दे. कारखान्यात नव्या बॅचचे चार पॅलेट होते, ते मुंबईहून विमानाने पाठवून ग्राहकाचं दुकान चालू ठेवायचं, आणि ७५ ऐवजी ७० टक्के शेल्फ लाइफ चालेल अशी लेखी सूट त्याच्याकडून घ्यायची. मॉस्को आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हे त्या दिवशी पथ्यावर पडलं. सूटपत्र सहा वाजून दहा मिनिटांनी आलं. सुट्टीमुळे क्वालिटीच्या बाई घरी निघाल्या होत्या, त्यांना गेटवरून परत बोलावून सही घेतली.

डबा मार्चच्या पहिल्या आठवड्यात मॉस्कोत पोचला. तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरमध्ये एकच उंचवटा होता: मधल्या बंदरात प्लग काढलेले पाच तास, २४.६ अंशांपर्यंत. थोडक्यात बचावलो.

लाइनच्या बिलात युद्ध अधिभार दोनदा लावला होता, एकदा काळ्या समुद्राचा आणि एकदा तांबड्या समुद्राचा. ज्या समुद्रात जहाज गेलंच नाही, त्याचे पैसे परत मिळवता मिळवता एप्रिल संपला.